अख्खी पाठ

४ नोव्हेंबर. काम : माळा रिकामा करणे.

गच्चीवरची टाकी रात्रभर वाहत राहिली आणि पाणी भिंतीतून माझ्या वर्कशॉपच्या माळ्यावर उतरलं. तिथे जुने फर्मे ठेवले होते. फर्मा म्हणजे कापड कापण्याआधी त्यावर ठेवून खडूने आखायचा कागदी आकार. बाहीचा वेगळा, गळ्याचा वेगळा, पाठीचा वेगळा. माझं वर्कशॉप अंबरनाथला मोरिवलीच्या रस्त्यावर आहे, आम्ही शाळांचे युनिफॉर्म शिवतो. माळ्यावरचे फर्मे मात्र माझे नव्हते, आईचे होते. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये आईचा शिवणक्लास होता. तो बंद झाला तेव्हा हे गाठोडं माझ्याकडे आलं आणि जे माळ्यावर गेलं ते तिथेच राहिलं. आता ते भिजलं होतं. मुली कामावर यायच्या आत ते खाली उतरवायचं, टिकेल ते वाळत घालायचं, बाकीचं भंगारवाल्याला द्यायचं, असं ठरवून मी शिडी लावली.

आईचे फर्मे पुठ्ठ्यासारखे कडक असायचे, कारण ते दुहेरी होते. क्लासच्या शेजारी एक सिंधी गृहस्थ राहायचे, जवळच्या थिएटरचे मॅनेजर. शुक्रवारी पिक्चर बदलला की उरलेली, न चिकटवलेली पोस्टरं ते आईला आणून द्यायचे. "भाभी, कागज देखो, एकदम मलाई!" आई बदल्यात त्यांच्या पॅन्टची उंची कमी करून द्यायची. पोस्टरचा कागद मोठा, जाड आणि मागून कोरा, फर्म्याला यापेक्षा चांगलं काही नाही. अडचण एकच, छापील बाजूचा रंग पांढऱ्या कापडाला लागायचा. म्हणून आई छापील बाजूवर खाकी कागद चिकटवून टाकायची. मैद्याची खळ, त्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे कीड लागत नाही. मग फर्मा एका बाजूने पांढरा, दुसऱ्या बाजूने खाकी दिसायचा आणि चित्र मधे बंद. कुठल्या हिरोच्या नाकाला धरून आपण बाही कापतोय, हे क्लासमधल्या मुलींना कधी कळलं नसेल.

पाण्याने ती खळ सुटली होती. पहिल्याच बाहीचा खाकी कागद माझ्या हातात सालीसारखा निघून आला. खाली नारिंगी आभाळ होतं, पाण्याची टाकी होती आणि एका मुलाच्या हातात गिटार. दुसरी बाही सोलली. कॅनव्हासचे बूट, गच्चीच्या कठड्यावरून खाली सोडलेले पाय. मग पुढच्या भागाचा मोठा फर्मा सोलला. एक सिगरेट ओढणारा दाढीवाला, त्याची हनुवटी गळ्याच्या आकारात कापून गेलेली. शेजारी एक मुलगी, तिच्या मांडीवर कॅनव्हास, कपाळ मुंढ्यात, म्हणजे बाहीच्या खाचेत, गायब. आणि उजव्या कडेला कुणाचा तरी नुसताच हात. कोपरापासून पुढे. बारीक मनगट, काळ्या बांगड्या आणि हातात ॲल्युमिनियमची किटली.

किटली बघून मी शिडीच्या पायरीवर बसले.

आमच्या घरात किटली म्हटलं की सगळे हसतात. त्याचं कारण माझी ताई. ती माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. कॉलेजला मुंबईत जायची आणि एकांकिकेत काम करायची. तिथे तिला कुणीतरी पाहिलं आणि एका छोट्या हिंदी पिक्चरमध्ये घेतलं. शहरात शिकायला आलेली पाच पोरं एका गच्चीवरच्या खोलीत राहतात, चित्रं काढतात, गाणी रचतात, भाडं थकवतात, प्रेमात पडतात आणि पावसाळ्याच्या शेवटी शहाणी होऊन पांगतात, अशी काहीतरी गोष्ट. ताई त्या पाचांतली एक. घरी तिने सांगितलं होतं की कॉलेजचं श्रमशिबिर आहे. खोटं उघडकीला आलं ते आमच्याच गल्लीच्या तोंडाशी, थिएटरच्या भिंतीवर. आई बटणं आणायला गेली होती. भिंतीवर तिची मोठी मुलगी केस मोकळे सोडून, कठड्यावर बसून, मुलांच्या घोळक्यात खो खो हसत होती.

पिक्चर आठवडाभर चालला. आमच्यापैकी कुणालाही तो बघू दिला नाही. पुढच्या शुक्रवारी भिंतीवर दुसरं पोस्टर चढलं. ताईने मॅनेजरकाकांकडून एक न चिकटवलेलं पोस्टर मिळवून गादीखाली ठेवलं होतं, तेही नाहीसं झालं. आई एवढंच म्हणाली, "आता ते नाही." ताईला सरकारी नोकरी लागली, लग्न झालं, पुन्हा काही तिने नाटक केलं नाही. पण "मी पोस्टरवर होते, हातात किटली होती," हे ती सांगत राहिली, आधी आम्हाला, मग सासरी, मग मुलांना, मग सुनेला. पिक्चरची प्रिंट कुठे आहे कुणाला माहीत नाही. मोबाइलवर शोधलं तर नावसुद्धा येत नाही. मी स्वतः ते पोस्टर पाहिलं नव्हतं. मला बाजारात दुसऱ्या बाजूने पाठवलं जायचं. त्यामुळे मी हो म्हणायची नाही आणि नाही पण म्हणायची नाही.

आणि नेमक्या त्याच सकाळी, मी किटलीकडे बघत बसले असताना, ताईचा फोन आला.

"मी आज जात नाहीये कट्ट्यावर. तुला म्हटलं सांगावं."

ताई बदलापूरला सोनिवलीच्या बाजूच्या नव्या इमारतींत राहते. तिथे ज्येष्ठ नागरिकांचा कट्टा आहे आणि त्या संध्याकाळी त्यांचा वार्षिक कार्यक्रम होता. प्रत्येकाने तरुणपणाची एक गोष्ट सांगायची. ताईने महिन्यापूर्वीच आपलं नाव देऊन ठेवलं होतं.

"का जात नाहीस?"

"आमच्या त्या समोरच्या विंगमधल्या काकांनी ग्रुपवर टाकलंय. 'आज आपल्या हिरॉइनबाई बोलणार. पुरावा आणणार ना?' खाली हसऱ्या तोंडांची ही मोठी रांग. सूनसुद्धा त्यात आहे."

"मग?"

"मग काय मग? इतकी वर्षं सांगतेय. आता मलाच वाटायला लागलंय की मी स्वप्नात पाहिलं. नाव मागे घेते आणि विषय संपवते. यापुढे कधी काढणार नाही."

ताई रडत नव्हती. रडली असती तर मला एवढं लागलं नसतं. तिने हे रेशनकार्डावरचं नाव कमी करायचं असावं तसं सांगितलं.

"नाव संध्याकाळपर्यंत मागे घेऊ नकोस," मी म्हटलं.

"का?"

"म्हटलं ना, घेऊ नकोस."

नक्की झाल्याशिवाय सांगायचं नाही, हे मी धंद्यात शिकले आहे. हात मिळाला होता. हात कुणाचाही असू शकतो. मला तोंड पाहिजे होतं. मी गाठोडं सगळं सोललं. युनिफॉर्मच्या कॉलरी, परकराचे तुकडे, कुठल्या कुठल्या पिक्चरमधले घोडे, बंदुका आणि देव निघाले. त्या नारिंगी आभाळाचे चारच तुकडे होते : दोन बाह्या, पुढचा भाग आणि गळ्याची पट्टी. कापायच्या टेबलावर ते एकमेकांशेजारी लावले. मधली जागा रिकामी. कुर्त्याचा सेट होता आणि त्यातली पाठ नव्हती. हात जिथे कोपरात तुटला होता, तिथून पुढे ती मुलगी पाठीवरच असणार.

आई आता माझ्याकडेच राहते. ती वर्कशॉपच्या मागच्या खोलीत लसूण सोलत बसली होती. वय झालंय, पण डोळे माझ्यापेक्षा बरे आहेत. मी पुढच्या भागाचा फर्मा तिच्यासमोर धरला. तिने किटलीकडे पाहिलं आणि लसूण सोलत राहिली.

"हे ताईचं पोस्टर आहे?"

"फर्मा आहे."

"आई!"

"ओरडू नकोस. कागद चांगला होता."

"याची पाठ कुठाय?"

"पाठ सोनिवलीला आहे."

इतक्या सहज की जणू मी मीठ कुठाय विचारलं होतं. मग तुकड्या तुकड्याने कळलं. तो सेट ताईच्याच मापाचा होता. पुढचे भाग फॅशनप्रमाणे बदलतात, गळे बदलतात, पाठ तीच राहते. ताई बदलापूरला राहायला गेली तेव्हा आईने ती पाठ आपल्या एका जुन्या विद्यार्थिनीला देऊन ठेवली. ही बाई मोरिवलीची, आगऱ्यांची मुलगी, लग्न होऊन सोनिवलीला गेलेली. ताईचे कपडे ती शिवते. म्हणजे ताई इतकी वर्षं ज्या फर्म्यावर कापलेले ड्रेस घालून "मी पोस्टरवर होते" म्हणत होती, तो फर्मा म्हणजे तेच पोस्टर.

"ताईला सांगितलं का नाहीस?"

"तिने विचारलं नाही."

मुली कामावर आल्या होत्या. त्यांना दिवसाचं काम लावून दिलं, स्कूटी काढली आणि निघाले. मी गाडी हळू चालवणारी बाई आहे. त्या दिवशी बदलापूरच्या रस्त्यावर डंपरला ओव्हरटेक केलं. उड्डाणपुलावर आपण मोठ्याने काहीतरी गुणगुणतोय हे लक्षात आलं आणि तोंड बंद केलं. डोक्यात एकच. त्या बाईने नवीन फर्मा करून जुना फेकला तर नसेल? प्लंबरला, रंगाऱ्याला, कुणाला खाली अंथरायला दिला तर नसेल?

तिचं दुकान म्हणजे घराची ओटीच. मी पोचले तेव्हा ती खाली बसून कापड आखत होती. मोरपंखी कापड, त्यावर पांढरा फर्मा, आणि खडू त्याच्या कडेने अर्धा फिरलेला.

"बस गं," ती म्हणाली. "तुझ्या बहिणीचाच हाय. सांजचा घालाया पायजे म्हणत होती, आता सकाळी फोन करून सांगते नको. म्हटलं कापड भिजवून वाळवलाय, आता कापतंय."

"तो फर्मा दे."

"हा? हा नाय देणार. बाईंचा हाय."

"बाई माझी आई आहे."

"म्हायती हाय मना. बाईंनी दिला तवाच सांगला, याला भोक पाडायचा नाय, खिळ्याला टांगायचा नाय, घडी करायची नाय. गादीखाली सपाट ठेवायचा. मी तसाच ठेवला. आणि बाई बोलली हिचा ड्रेस याच्यावरच काप, दोन इंच वाढवून." तिने आवाज खाली आणला. "आता चार वाढवतंय. बोलू नको तिला."

तेव्हा मी पहिल्यांदा तो फर्मा नीट पाहिला आणि माझ्या तोंडातून "अरे!" निघालं. तो अख्खा होता.

ज्यांनी कधी शिवलं नाही त्यांच्यासाठी सांगते. पाठीचा फर्मा कुणी अख्खा कापत नाही. अर्धा कापतात. कापडाची घडी घालायची, घडीच्या कडेला अर्धा फर्मा लावायचा, कापलं की उलगडून पूर्ण पाठ मिळते. कागद अर्धा लागतो आणि दोन्ही खांदे सारखे येतात. क्लासमध्ये पहिल्या आठवड्यात आई हे शिकवायची, आणि एखाद्या मुलीने अख्खी पाठ आखली तर तिच्या हातातून पेन्सिल काढून घ्यायची. कागद म्हणजे आईचा जीव. कतरणीतूनसुद्धा ती खिसे काढायची. आणि इथे तिने अख्खी पाठ कापली होती, तीही पोस्टरच्या मधोमध. एरवी ती फर्मा कागदाच्या कडेला भिडवायची. इथे आजूबाजूला वीतभर कागद वाया गेला असणार.

"मी नवीन कापून देते," मी म्हटलं. "उद्या सकाळी आणून देते. हा मला आज पाहिजे."

"आणि हा ड्रेस?"

"हा आधी कापून घे. मी थांबते."

तिने खडू फिरवला, कात्री चालवली. मी उभी राहून बघत होते आणि माझे पाय एका जागी ठरत नव्हते. कापून झाल्यावर तिने फर्मा दोन्ही हातांनी उचलून मला दिला, ताटासारखा. मी तो स्कूटीवर पायाशी उभा ठेवला, वरून ओढणी बांधली आणि परत निघाले. या खेपेला हळू.

हा फर्मा भिजलेला नव्हता, त्यामुळे खळ पक्की होती. टेबलावर जाड चादर अंथरली, वर ओलं मांजरपाट आणि वाफेची इस्त्री. दाबायची नाही, नुसती वर धरायची. वाफ मुरू द्यायची. मग कोपरा नखाने उचलायचा. मशिनी बंद पडल्या होत्या. सगळ्या मुली टेबलाभोवती गोळा झाल्या होत्या आणि मी त्यांना कामाला जा म्हणत नव्हते.

खालून वर आले. आधी साडीच्या निऱ्या. कठडा. मग तो राहिलेला दंड, जो किटलीच्या हाताला जाऊन मिळत होता. मग खांदा. मग मोकळे केस, जे गळ्याच्या गोलाईच्या अगदी आत राहिले होते. इथे थांबून मी इस्त्रीत पाणी भरलं.

"काढा ना मॅडम!" एक मुलगी ओरडली.

शेवटची पट्टी निघाली. उघडं तोंड, मिटलेले डोळे आणि पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला. ताईने तो दात लग्नाआधी सरळ करून घेतला होता. मला तो आठवतो. त्याच्यावरून मी तिला चिडवायची.

छापणाऱ्याने ओठ गुलाबी केले होते आणि वरच्या कोपऱ्यात रंग थोडा सरकला होता. पण ती ताईच होती, एकोणीस वर्षांची, आणि तिच्यावर कात्रीचा एकही ओरखडा नव्हता. मी ते इस्त्रीने सपाट केलं. ताईला फोन केला.

"तुझा नवीन ड्रेस कापून झालाय, शिवून आला तर घाल. नाहीतर साडी नेस. पण खाली ये."

"तू काय करतेयस?"

"टाचण्या घेऊन येतेय."

रिक्षात आईने पुढचा भाग मांडीवर धरला, मी पाठ. कट्ट्याचा कार्यक्रम होता त्या हॉलच्या नोटीस बोर्डवर वर्गणीचे कागद होते ते काढले, पांढरी चादर लावली आणि त्यावर पाच तुकडे मूळ जागी टाचले. मधल्या फटी तशाच राहिल्या. लांबून बघितलं तर एक कुर्ता उलगडून टांगलाय असं वाटत होतं, आणि त्या कुर्त्यात एक गच्ची, एक शहर आणि पाच पोरं. बोर्डवर मी पुढे दुपट्टा टाकला.

ताईचं नाव पुकारलं तेव्हा ती मोरपंखी ड्रेसमध्ये उभी राहिली. टीप अजून कच्ची होती. समोरच्या विंगमधले काका पहिल्या रांगेत होते. "पुरावा, पुरावा," ते म्हणाले आणि दोघेतिघे हसले. ताईने माझ्याकडे पाहिलं. मी दुपट्टा ओढला.

खुर्च्या सरकल्या. सगळे बोर्डपाशी आले. ताई मात्र जागेवरून हलली नाही. तिच्या सुनेने तिचा हात धरून तिला पुढे आणलं. काकांनी चष्मा चढवला, पोस्टरकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं, पुन्हा पोस्टरकडे.

"नाक तेच आहे," ते म्हणाले. मग चष्मा काढून, "वहिनी, माफ करा. पण किटलीत काय होतं?"

"पाणी," ताई म्हणाली. "त्या पिक्चरला चहा परवडत नव्हता."

हॉलमध्ये हशा पिकला. ताईला खुर्चीवर बसवलं आणि मग ती बोलली. तिला दिला होता त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ बोलली. गिटारवाल्याला गिटार येत नव्हती. दाढी खोटी होती आणि उन्हात सुटायची. खोलीचा सेट म्हणजे खरी खोली होती, आणि मालक मधेच येऊन भाडं मागायचा. ते खरंखुरं भांडण पिक्चरमध्ये तसंच घेतलं होतं. सूनबाई मोबाइलवर सगळं टिपत होती. मी मागे उभी राहून बटाटेवड्याची प्लेट धरली होती, खायचं विसरले.

लोक चहाला गेल्यावर ताई बोर्डजवळ आली. बोटाने एकेक तुकडा दाखवत गेली.

"याची हनुवटी गेली. हिचं कपाळ गेलं. हा तर दोन बाह्यांत वाटला गेला. सगळ्यांची मुंडकी उडाली गं. मी बरी वाचले?"

मी आईकडे पाहिलं. आई खुर्चीत बसून वड्याचं वरचं आवरण सोलत होती.

"आई, अख्खी पाठ का कापलीस?" मी विचारलं.

"कागदाला मधे घडी होती. घडीवर पेन्सिल घसरते."

मी त्या कागदावर दुपारी इस्त्री फिरवली होती. मधे घडी नव्हती. घडीची खूणसुद्धा नव्हती. मी तसं म्हटलं नाही, पण ताईने वाकून त्या तोंडावरून, गळ्यापासून खालपर्यंत, अंगठा फिरवून पाहिला.

"तू फेकलंस म्हणालीस," ती आईला म्हणाली.

"मी म्हटलं होतं, आता ते नाही. पोस्टर नव्हतंच. फर्मा होता." मग आईने वर पाहिलं. "तुझी पाठ कुणी बिघडवू नये म्हणून सोनिवलीला दिला होता. खांद्यात झोळ पडतो का अजून?"

"नाही पडत," ताई म्हणाली.

"मग झालं तर."

ताईने आईच्या प्लेटमधला सोललेला वडा उचलून खाल्ला. आईने दुसरा सोलायला घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर्कशॉप लवकर उघडलं. ताईला आदल्या रात्री मुक्कामाला आणलं होतं. तिला टेबलापाशी उभी करून माप घेतलं. ती दोन इंच म्हणत होती, मी चार लिहिले. खाकी कागद काढला, घडी घातली, सोनिवलीसाठी पाठ आखली आणि कापली. टांगायला वर भोक पाडलं. अर्धीच कापली. मला अख्खी कापायचं काही कारण नव्हतं.